सागाची दारं-चौकटी आणि टेबल: सीपी, वलसाडी की घाना?

सांजवारा
नमस्कार मंडळी. चिपळूणला घराचं काम स्लॅबपर्यंत आलंय. खिडक्या ॲल्युमिनियमच्या ठरल्यात. लाकडात सहा दारं करायची आहेत, त्यातलं एक दर्शनी. चौकटी ५ × २॥ इंची. शिवाय सहा × तीन फुटांचं एक जेवणाचं टेबल. वखारीत तीन नावं सांगितली: सीपी, वलसाडी आणि घाना. दरात बराच फरक आहे. आमचे मिस्त्री म्हणतात सीपीशिवाय हात लावणार नाही. नेमकं काय बघून घ्यावं? आणि सहा चौकटींना किती घनफूट लागेल?

वखारीतला
आधी हिशेब, कारण वखारीत पहिली फसगत तिथेच होते.

कापलेल्या लाकडाचं सूत्र: जाडी इंच × रुंदी इंच × लांबी फूट ÷ १४४. एका चौकटीला ७ फुटी दोन उभी आणि वरचं आडवं शिंगांसह (कोपऱ्यांबाहेर राहणाऱ्या टोकांसह) ३॥ फूट, म्हणजे १७॥ फूट. १७॥ × ५ × २॥ ÷ १४४ = १.५२ घनफूट. सहा चौकटींचे ९.१ होतात. टोकाच्या चिरा आणि गाठी काढायला दहा टक्के धरा, म्हणजे १० घनफूट. ७ फुटाला ७ फूटच घेऊ नका, ७॥ घ्या. टोकाची दोन-तीन इंच चीर गेली की सातचं पावणेसात होतं आणि तो तुकडा वाया.

५ × २॥ हे करवतीचं माप आहे. चारी बाजूंनी रंधा फिरला की हातात साधारण ४¾ × २¼ उरतं. रंधलेलं माप ५ × २॥ हवं असेल तर तसं आधी बोला, आणि पैसे जाड मापाचे मोजायची तयारी ठेवा.

ओंडका घेणार असाल तर त्याची मोजणी वेगळी: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ४८ इंच घेर आणि १० फूट लांबी असेल तर १२ इंच × १२ इंच × १० फूट = १० घनफूट. खरं घनफळ १२.७ भरतं. हा फरक कापताना जाणाऱ्या पाठी-भुशापोटी सोडलेला आहे, त्यामुळे सूट मिळाली म्हणून खूश होऊ नका.

आता नावं. सीपी म्हणजे जुना सेंट्रल प्रॉव्हिन्सेस: चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाट, होशंगाबाद वगैरे पट्टा. आपल्याकडे बल्लारशा आणि आलापल्ली ही त्यातली मोठी नावं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये गेला तो याच भागातला साग. वलसाडी म्हणजे डांगच्या जंगलाकडून वलसाड बाजारात येणारा. घाना, टांझानिया, बेनिन, ब्राझील, इक्वेडोर ही लागवडीच्या सागाची नावं. झाड तेच, *टेक्टोना ग्रँडिस*. ब्रह्मी सागाचे ओंडके म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून बाहेर पाठवणं बंद केलं, त्यामुळे 'फ्रेश बर्मा लॉट' असं कोणी म्हणालं तर कागद मागा.

वनमाला
वरच्या नावांत एक भर घालते, कारण इथे गफलत होते. घानाचा लागवडीचा साग हा सागच. पण नुसतं 'आफ्रिकन टीक' म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा इरोको किंवा आफ्रोर्मोशिया असतं. दोन्ही लाकडं चांगली आहेत, पण ती साग नाहीत. 'ब्राझिलियन टीक' या नावाखाली कुमारू येतं, ते सागापेक्षा कितीतरी जड. बिलावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहून मागा.

वखारीत उभ्या-उभ्या करता येईल अशी परीक्षा सांगते. फळीच्या टोकाला धारदार पटाशीने किंवा ब्लेडने नखाएवढी जागा स्वच्छ कापा. करवतीने कुसकरलेल्या टोकावर काहीच दिसत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. सागात प्रत्येक वर्षाच्या वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते, पुढे छिद्रं बारीक होत जातात. काही छिद्रांत पांढरा किंवा पिवळसर साका भरलेला असतो. ताज्या कापाला जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि बोट फिरवलं की किंचित मेणचट लागतं. इरोकोत अशी छिद्रांची रांग दिसत नाही, ती सगळीकडे विखुरलेली असतात.

नुकत्या कापलेल्या सागावर हिरवट, काळसर पट्टे दिसले तर घाबरू नका. उजेडात काही दिवस राहिलं की सोनेरी-तपकिरी रंग एकसारखा होतो.

रंधा
मिस्त्रींच्या 'सीपीशिवाय नाही' या म्हणण्यामागे कारण आहे, पण ते नावात नाही. सीपीचं झाड जंगलात सावकाश, पन्नास-साठ वर्षं वाढलेलं असतं, त्यामुळे त्यात गाभा (आतलं गडद, पक्कं लाकूड) भरपूर. तोच सीपीच्या नावाचा बारीक वासा घेतलात तर अर्धं पांढरं, म्हणजे सालीलगतचं फिकं लाकूड मिळेल.

हिशेब बघा. ४८ इंच घेराच्या ओंडक्याचा व्यास सव्वापंधरा इंच. बाहेरचं पांढरं कडेने एक इंच धरलं तर छेदाचा सुमारे ७५ टक्के भाग गाभा. २४ इंच घेर असेल तर व्यास साडेसात इंचांच्या वर थोडा. पांढरं तेवढंच, एक इंच. गाभा उरतो ५५ टक्के. वीस वर्षांच्या लागवडीचा बारीक माल स्वस्त का, ते यात आलं.

सागाचा टिकाऊपणा गाभ्यात आहे. पांढऱ्या भागात पिष्ट असतं आणि त्यावर पिठ्या भुंगा पडतो. दाराखाली मैद्यासारखी बारीक भुकटी दिसली की समजा. 'साग आहे, कीड लागत नाही' हे पांढऱ्याला लागू नाही.

तीन गोष्टी बघा, याच क्रमाने: गाभा किती, ओल किती, काप कसा. गाव कोणतं ते चौथं.

लाकूडतोड्या
लागवडीचा साग भसाभस वाढतो म्हणून भुसभुशीत असतो, हे तरी मान्य कराल की नाही?

वनमाला
नाही करणार. वर सांगितलेली मोठ्या छिद्रांची रांग प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला येते आणि तिची रुंदी फारशी बदलत नाही. झाड वेगाने वाढलं की नंतरचा घट्ट भाग रुंद होतो. त्यामुळे वेगाने वाढलेला साग आपोआप हलका होत नाही. दोन्हीचं वजन सुक्या अवस्थेत घनमीटरला ६५० किलोच्या आसपास येतं, थोडं पुढेमागे. फरक कोवळेपणाचा असतो: कोवळ्या झाडात गाभा कमी, रंग फिका, मधल्या भेंडाजवळचं लाकूड पीळ धरणारं, आणि कोवळ्या गाभ्याची वाळवीला दाद न देण्याची ताकद जुन्यापेक्षा कमी. म्हणून लागवडीचा घेताना घेर मोठा बघा आणि भेंड असलेली फळी बाजूला काढा. भेंड मध्ये ठेवून कापलेलं चौकटीचं लाकूड आज ना उद्या तडकणारच.

वाळवी सागाला टाळते ती त्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे. मेणचटपणा येतो रबरासारख्या एका घटकामुळे. करवतीची धार जाते ती सिलिकामुळे, वजनाच्या १.४ टक्क्यांपर्यंत असू शकते. तीनही गोष्टी पुढे डिंक, पॉलिश आणि हत्यारांत त्रास देतात.

सांजवारा
ओल कशी मोजायची? वखारवाले म्हणतात 'एकदम कडक माल'.

रंधा
'कडक' हे माप नाही :)

दोन टोकांचा मीटर मिळतो. पण फळीच्या पृष्ठभागावर टोचून आलेल्या आकड्यावर विश्वास नको. बाहेरून सुकलेली आणि आतून ओली फळी हीच जास्त दगा देते. फळीच्या टोकापासून निदान दीड फूट आत काप घ्या आणि ताज्या कापाच्या मधोमध मीटर टोचा.

मीटर नसेल तर घरचा ओव्हन आणि स्वयंपाकघरातला काटा पुरतो. त्याच जागेवरून इंचभर जाडीची चकती काढा. लगेच वजन करा, १०३ अंशांवर ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत दर दोन तासांनी मोजत राहा. ओलं वजन वजा सुकं, भागिले सुकं, गुणिले १००. उदाहरणार्थ १८६ ग्रॅमचे १६२ झाले तर २४ ÷ १६२ = १४.८ टक्के. लोक ओल्या वजनाने भागतात आणि १२.९ काढून खूश होतात.

पाया_भरणी
किती टक्के हवी ते गावावर ठरतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ८० टक्क्यांना १६, ९० टक्क्यांना २०, आणि ३० टक्क्यांना जेमतेम ६. चिपळूणला घरात पावसाळ्यात १७-१८ आणि कोरड्या महिन्यांत १२ धरा, म्हणजे फरक सहा टक्क्यांचा. नागपूरला मे महिन्यात ६ आणि ऑगस्टमध्ये १६. लोक कोकणाला घाबरतात, पण लाकूड जास्त हलतं ते विदर्भात.

तुमच्यासाठी कामाच्या वेळी १३-१४ टक्के योग्य. मे महिन्यात विदर्भात कापून वाळलेला ७ टक्क्यांचा माल आणून त्याच आठवड्यात टेबल केलंत तर ते जुलैत फुगेल. माल आणून घरात, खाली-वर हवा खेळेल असा, चार आठवडे तरी रचून ठेवा. प्लास्टर ओलं असताना मात्र ठेवू नका, घरभर सादळ असते.

रचताना खाली जमिनीपासून फूटभर उंची. फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दर दोन फुटांवर, आणि सगळ्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत. पट्टी इकडे-तिकडे सरकली की फळी तिथेच बाक धरते. टोकांना मेण किंवा जाड रंग लावा, नाहीतर टोक आधी सुकून चिरतं. सगळ्यात वरच्या थरावर वजन.

रंधा
आता काप. फळीचं टोक बघा. वर्तुळांच्या रेघा रुंद बाजूला काटकोनात उभ्या असतील तर समोरून सरळ रेषा दिसतात. रेघा आडव्या, कमानीसारख्या असतील तर समोरून डोंगर-फुलं दिसतात. गिऱ्हाईक डोंगरावर भाळतं. हलायला मात्र डोंगर पुढे.

सागाचं गणित: ओल एक टक्का बदलली की डोंगर-कापाची फळी रुंदीच्या ०.००१८६ पट हलते, सरळ रेषेची ०.००१०१ पट, म्हणजे जवळजवळ निम्मी. लांबीत धरण्याजोगं काही होत नाही.

९०० मिमी रुंदीचं सलग फळ्या चिकटवलेलं दार घ्या, ओलीचा फरक ६ टक्के: ९०० × ०.००१८६ × ६ = १० मिमी. दार अडकणारच. तेच दार चौकटीत पॅनेल बसवून केलं, उभ्या पट्ट्या १०० मिमीच्या, तर दाराच्या रुंदीत हलणारं लाकूड फक्त २०० मिमी: २.२ मिमी. उभ्या पट्ट्या सरळ रेषेच्या निवडल्या तर १.२ मिमी. आपल्या जुन्या वाड्यांची दारं पॅनेलची आहेत ती काही उगाच नाहीत.

हे आकडे उघड्या लाकडाचे आहेत. सगळीकडून नीट पॉलिश असेल तर दार पूर्ण टोकाला जात नाही. पण मोकळीक या आकड्याप्रमाणेच ठेवा.

सांजवारा
मग पॅनेल किती सैल ठेवायचं? आमच्याकडे चिकटवून, वर पट्टी मारून बसवतात.

रंधा
चिकटवलं की तडकलं. चिकटवलेलं पॅनेल पावसात फुगून चौकटीचा सांधा उघडतं किंवा उन्हाळ्यात आकसून स्वतःच मधोमध फाटतं.

पॅनेल ३०० मिमी रुंद असेल तर सहा टक्क्यांना ३.३ मिमी हलेल. चौकटीतली खाच १२ मिमी खोल करा, पॅनेल प्रत्येक बाजूला ९ मिमी आत घ्या, ३ मिमी रिकामे सोडा. डिंक कुठेच नाही. पॅनेल इकडे-तिकडे वाजू नये म्हणून वर आणि खाली, अगदी मधोमध, एकेक टाचणीवजा खिळा चालेल. त्यामुळे ते दोन्ही बाजूंना सारखं हलतं.

आणि हे जवळपास सगळीकडे चुकतं: पॅनेल चौकटीत घालण्याआधी त्याला पॉलिशचे निदान दोन हात द्या, कडांसकट. नंतर पॉलिश केलं तर एप्रिलमध्ये पॅनेल आकसतं आणि खाचेत लपलेली दोन मिमीची कोरी पांढुरकी रेघ चौकटीच्या कडेने बाहेर येते. ती मग आयुष्यभर दिसते.

कुसू (आडव्या पट्टीची उभीच्या भोकात बसणारी जीभ) दाराच्या जाडीच्या एक तृतीयांश. ३५ मिमीच्या दाराला १२ मिमी. रुंद आडव्या पट्टीला एकच रुंद कुसू घालू नका, जाडीच्या पाचपटीपर्यंत ठीक. त्याहून रुंद असेल तर मध्ये जागा सोडून दोन करा. कुलपाची पट्टी २०० मिमी असते, तिथे हे हमखास लागतं. कुसू हाताच्या दाबाने बसलं पाहिजे. हातोड्याने ठोकावं लागलं तर सगळा डिंक तळाला ढकलला जातो आणि कधी कधी उभी पट्टी फुटते.

लाकूडतोड्या
सागाला डिंक धरतच नाही, असं ऐकलंय.

रंधा
धरतो, शिळ्या पृष्ठभागावर धरत नाही. रंधा मारल्यावर आतलं तेलकट द्रव्य हळूहळू वर येतं. म्हणून सांधा कापला त्याच दिवशी, शक्यतो दोन-चार तासांत चिकटवा. उशीर झालाच तर ॲसिटोनने किंवा चांगल्या थिनरने पुसा, उडून जाऊ द्या, लगेच डिंक. कापड पिवळं होईल, दुसऱ्या स्वच्छ कापडाने परत पुसा. एकाच कापडाने घासत बसलात तर तेल पसरतं. घरातल्या कामाला पांढरा पाणी-प्रतिरोधक डिंक पुरतो. दर्शनी दाराला पाऊस लागणार असेल तर इपॉक्सी घ्या. त्याला सांधा फार घट्ट आवळू नका, सगळी इपॉक्सी बाहेर येते.

हत्यारं: गोल करवतीला टीसीटीचं, म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे दात असलेलं पातं. साध्या पोलादी पात्याची धार सिलिका थोड्याच वेळात घालवते, मग कडा जळून काळ्या पडतात आणि लोक लाकडाला नावं ठेवतात.

पितळी स्क्रू सागात थेट पिळू नका, डोकं तुटतं. आधी भोक पाडा, आठ नंबरला २.५ ते ३ मिमी. मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा घालून काढा, नंतर पितळीला मेण लावून घाला.

वनमाला
आणि भुसा. सागाचा बारीक भुसा काही जणांच्या कातडीवर पुरळ आणतो, नाक-डोळे चुरचुरतात. घासकाम करताना मास्क, आणि काम झालं की हात धुवा. नाकातोंडाला गुंडाळलेला रुमाल बारीक भुशाला अडवत नाही.

दुर्वा_के
कोकणात सागाच्या जागी ऐन, किंजळ, फणस का नाही? घराजवळ मिळतं.

वखारीतला
चांगला प्रश्न. पण पॅनेलच्या दाराला मी ऐन घेणार नाही.

ऐन जड, घनमीटरला ८५० किलोच्या आसपास, ताकद भरपूर. वासे, तुळया, खांब यांना उत्तम. वाळताना मात्र चिरतो, पीळ धरतो, रंध्याला घाम फोडतो. त्यातलं टॅनिन ओलं झालं की लोखंडी खिळ्याभोवती काळा डाग उमटतो. किंजळही जड आणि तशाच जातीचा. चौकटीला दोन्ही चालतील, पण वर्षभर वाळलेला माल हवा.

फणस फार चांगला आणि दुर्लक्षित. आतला पिवळा गाभा टिकतो, रंग पुढे तपकिरीकडे जातो, कापायला सोपा. अडचण एवढीच की लांब, सरळ, बिनगाठीचा तुकडा क्वचित मिळतो. पॅनेलसाठी घ्या, सात फुटी उभ्या पट्ट्यांसाठी नको. बिवळा मजबूत आहे, पण ओला झाला की पिवळा रंग सोडतो आणि शेजारच्या चुन्यावर डाग पडतो. शिवण हलकी, फारशी न हलणारी, कपाटांच्या आतल्या कामाला छान.

आपल्या आवारातलं झाड तोडणार असाल तर आधी परवानगी. साग, ऐन, किंजळ, फणस, बिवळा (कायद्यात 'बीजा') ही सगळी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आहेत. तोडलेला माल हलवायला वाहतूक परवाना वेगळा.

दुर्वा_के
धन्यवाद. आमच्याकडे पडलेला फणस आहे, तो पॅनेलला वापरते :)

लाकूडतोड्या
मग सागाचं एवढं कौतुक कशाला? कठीणपणात तर ऐन आणि बाभूळ दोघेही पुढे.

वनमाला
कठीणपणासाठी कौतुक नाहीच. साग मध्यम कठीण आहे, टेबलावर पातेलं आपटलं की खळगा पडतो. हिरव्यापासून पूर्ण सुकेपर्यंत तो सरळ रेषेत सुमारे अडीच टक्के आणि आडव्या रेषेत पाच-सहा टक्के आकसतो, हे बऱ्याच कठीण लाकडांपेक्षा कमी. म्हणजे हलतो कमी, कुजत नाही, हत्याराखाली वागतो बरा, आणि हे सगळं एकाच लाकडात मिळतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांची तुलना करताना सागाला १०० धरून बाकीच्यांना गुण दिले, ते याच कारणाने.

आणखी एक गुण: ओकमधलं आम्ल लोखंडी बोल्ट खातं, सागात तो त्रास फार कमी. मुंबईच्या वाडियांच्या गोदीत मलबारी सागाची जहाजं बांधली जायची. त्यातलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे.

लाकूडतोड्या
बरं, हरलो. जुन्या वाड्याचं सागवान मिळत असेल तर? ते तर शंभर वर्षं वाळलेलं, आता हलणार नाही.

रंधा
घ्या, पण हलणार नाही हा गैरसमज सोडून. शंभर वर्षं जुनं लाकूडही पावसाळ्यात ओल घेतं आणि उन्हाळ्यात सोडतं. आतले ताण मोकळे झालेले असतात, त्यामुळे चिरायला-पिळायला कमी, एवढंच.

घेताना: भिंतीत गाडलेली टोकं पटाशीने टोचा, पटाशी सहज आत गेली तर तेवढा भाग कापून टाका. खिळ्यांसाठी धातू-शोधक फिरवा. एक मोडका खिळा टीसीटीच्या पात्याचे चार दात घेऊन जातो. जुन्या भोकांना काळे डाग असतात, त्यांची जागा आधी ठरवून ते दाराच्या बिजागरीच्या कडेला लपवा. टेबलाच्या माथ्याला जुनं सागवान सर्वांत शोभतं.

सांजवारा
टेबलाचा माथा पायांच्या चौकटीला कसा जोडायचा? खालून स्क्रू मारायचे ना?

रंधा
मारायचे, पण सगळे घट्ट नाही. माथा ९०० मिमी, हलणार सुमारे १० मिमी, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला ५. मधल्या रेषेवरचे स्क्रू घट्ट. कडेच्या स्क्रूंना आडव्या चौकटीत लांबट गाळे: ४ मिमीच्या स्क्रूला १४-१५ मिमी लांब, गाळा माथ्याच्या रुंदीच्या दिशेने. स्क्रूखाली वॉशर. नाहीतर चौकटीच्या आतल्या बाजूला खाच आणि त्यात सरकणारे लाकडी गुटके.

माथ्याच्या फळ्या १०० ते १२५ मिमीच्या घ्या. २५० ची एक सुंदर फळी दिसली तरी मोह टाळा, ती वाटी होते.

पॉलिशवाला
माझं खातं आता. सागावर पहिला हात हाच सगळा खेळ. आधी १२०, मग १८०, मग २२० चा कागद, रेषेच्याच दिशेने. भुसा झाडून थिनरने पुसा. त्याच दिवशी पहिला हात.

आत: चपडी लाखेचं पॉलिश सागावर फार देखणं दिसतं, लिटरभर स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम. पण गरम भांडं ठेवलं की पांढरं वर्तुळ. म्हणून टेबलाला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). पीयूखाली लाखेचा हात देणार असाल तर मेण काढलेली लाख घ्या, साध्या लाखेतल्या मेणावर पीयू सुटतं. तेल-वॉर्निश सागावर दोन-दोन दिवस चिकट राहतं, कारण लाकडातली द्रव्यं ते वाळू देत नाहीत. पहिला हात निम्मा पातळ करून दिला आणि नीट वाळू दिला की पुढचे सरळ बसतात. पावसाळ्यात मेलामाइन मारू नका, दुधाळ होतं.

दर्शनी दार उन्हापावसात असेल तर चकचकीत जाड थर देऊ नका. ऊन थराखालचं लाकूडच खराब करतं आणि दोन-एक वर्षांत पापुद्रे निघतात, मग सगळं खरवडा. आत मुरणारं तेल द्या, दर वर्षी पावसाआधी एक हात. काहीच नाही लावलं तरी साग कुजत नाही, राखाडी होतो. काहींना आवडतो.

पाया_भरणी
चौकटीचं एवढं: भिंतीला टेकणाऱ्या तीनही बाजूंना बसवण्याआधी प्राइमर किंवा डांबर. दोन्ही बाजूंना तीन-तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या). खालची टोकं फरशीखाली गाडू नका, फरशीचं पाणी तिथूनच चढतं. ग्रॅनाइटच्या उंबऱ्यावर टेकवा. दारं प्लास्टर आणि फरशी पूर्ण सुकल्यावरच लावा. चौकटीत पांढऱ्याची कड आलीच तर तिला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी: १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स, २०० ग्रॅम बोरिक ॲसिड, दोन-तीन हात, वाळवून मग प्राइमर. पावसात ते धुऊन जातं, म्हणून फक्त आतल्या कामाला.

सांजवारा
खूपच उपयोगी. ठरवलं: चौकटी सीपी, ४० इंचांवर घेराचा माल, पांढरं नको. दारांच्या उभ्या पट्ट्यांना सरळ रेषेचा घाना, शास्त्रीय नाव बिलावर. शेवटचा प्रश्न: दार बसवताना फट किती?

रंधा
एप्रिल-मे मध्ये बसवत असाल तर बाजूंना ३ मिमी, वर २. पावसाळ्यात बसवत असाल तर १.५ पुरे. जुलैत अडकलं म्हणून लगेच रंधा मारू नका. आधी बिजागरीचे स्क्रू सैल झालेत का बघा, निम्म्या वेळा तेच असतं. रंधा मारलाच तर मिमी-दीड मिमीच्या पुढे जाऊ नका आणि कोऱ्या कडेला त्याच दिवशी पॉलिश द्या. उघडी कड आणखी ओल पिते आणि आठवड्यात परत अडकते.

पॉलिशवाला
यात एक राहिलंय. दाराची खालची कड कुणीच पॉलिश करत नाही. दार एकदा बिजागरीवर चढलं की ती दिसत नाही, आणि फरशी पुसल्याचं पाणी रोज तिथूनच शिरतं. पैसे चुकते करण्याआधी दाराखाली छोटा आरसा सरकवून बघा.

सांजवारा
आरसा घेऊनच जातो :)